केसबाईंची नवरी

आईच्या दुकानाच्या पाटीवरचा 'र' पेंटरने खाल्ला. त्याला 'केसर लेडीज पार्लर' असं लिहायला सांगितलं होतं. त्याने 'केस लेडीज पार्लर' लिहिलं आणि वर शोभेला एका बाईचं तोंड काढलं, ते बरंचसं त्याच्याच तोंडासारखं होतं. पप्पा भांडायला निघाले होते. आई म्हणाली, "राहू द्या. केसंच कापायचेत ना मला? मग बरोबरच लिहिलंय की." तेव्हापासून केसरबाई हे नाव रेशनकार्डावर राहिलं. निघोजे गावात लहानथोर सगळे तिला केसबाई म्हणायला लागले. काही वर्षांनी तर पप्पाही चिडले की म्हणायचे, "ओ केसबाई, भाकरी टाकता का आज?"

आईवडील मूळचे परभणीकडचे. पप्पांना, म्हणजे साहेबरावांना, चाकणच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम लागलं, तेव्हा दोघं गोधडीत भांडी बांधून इकडे आले आणि उद्धवरावांच्या चाळीत राहिले. उद्धवरावांचं घर गावातलं जुनं. त्यांच्या ज्वारीच्या रानात कंपन्या उभ्या राहिल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि रस्त्याकडेला गाळे. आई आधी कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. तिथे तिच्या लक्षात आलं की लाइनवरच्या मुलींचं मोठं दुखणं म्हणजे केस. केस कंपनीच्या टोपीत मावले नाहीत की सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलायचा. कापायला जीव होत नाही आणि ठेवले तर टोपी बसत नाही, अशा रडकुंडीला आलेल्या पोरी.

आईने भोसरीला जाऊन केस कापायचा कोर्स केला, उद्धवरावांचाच एक गाळा धरला आणि स्वतःच्या डोक्याने एक कट काढला. आतले केस आखूड, वरचे लांबच्या लांब. वेणी घातली की वेणीच दिसायची, पण जाडी निम्मी झालेली असायची, त्यामुळे अंबाडा टोपीत गपगुमान बसायचा. मुली त्याला टोपी कट म्हणायच्या. शिफ्ट सुटली की दुकानासमोर चपलांचा ढीग लागायचा.

गावठाणातल्या बायका मात्र येत नव्हत्या. म्हणजे पायरीपर्यंत यायच्या. गप्पा मारायच्या, आरशात बघून टिकली नीट करायच्या, भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोकडे एकदा बघायच्या आणि जायच्या. खुर्चीत कुणी बसत नसे. त्यावर कुणी काही बोलायचं नाही, आणि न बोलताही सगळं कळत होतं.

ही कोंडी शेवटी उवांनी फोडली. उद्धवरावांची नेहा तेव्हा दुसरीत होती. कुरळे, दाट केस, आणि त्यात उवांनी गाव वसवलेलं. शाळेतून चिठ्ठी आली, तेव्हा तिची आई, मंजुषाकाकू, तिला ऐन दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना घेऊन आल्या. आईने नेहाला दोन गुडघ्यांत धरलं आणि ऊन उतरेपर्यंत तिचं डोकं बघितलं. तोंड अखंड चालू. वांगी कशी किडकी येतात, कोंबडी अंड्यावर कशी बसते, बस कंडक्टरने कुणाला कसं उतरवलं. नेहा तिच्या मांडीवर झोपून गेली.

घरी गेल्यावर नेहाच्या आजीने, हौसाबाईंनी, तिला डोक्यावरून अंघोळ घातली. ती उवांसाठी की आईच्या हातासाठी, ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण पुढच्या खेपेला नेहा एकटी पळत आली आणि खुर्चीत चढून बसली. तिच्या मागून मंजुषाकाकू आल्या. त्यांच्या मागून गाव आलं. एक हौसाआजी तेवढ्या आल्या नाहीत. त्या पायरीवर बसून आईने केलेला चहा प्यायच्या, तोही पुढे पुढे, पण डोकं द्यायच्या नाहीत.

नेहा तेव्हापासून म्हणायची, "केसबाई, माझ्या लग्नात केस तुम्हीच करायचे." आई म्हणायची, "दुसऱ्या कुणाचा हात लागू देईन व्हय गं? तू माझी नवरी." आईने निघोज्यातल्या कितीतरी नवऱ्या सजवल्या, पण 'माझी नवरी' ती फक्त नेहालाच म्हणायची. मी, मैत्री, तिची पोटची पोर, मला थोडं लागायचंही.

मी आईच्याच हाताखाली शिकले आणि पुढे रावेतला एका मोठ्या सलोनमध्ये लागले. तिथे एसी, काळे एप्रन, छातीवर नावाची पट्टी. आई एकदा बघायला आली होती. सगळीकडे नजर फिरवून हळूच म्हणाली, "इथं केस कापतेत का ऑपरेशन करतेत?"

आईला बसून काम करायचं माहीतच नव्हतं. उभं राहून तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. भुवया करताना दोरा दातात धरून पुढच्या दाताला खाच पडली होती. कापलेल्या केसाचा बारीक तुकडा तळपायात रुतायचा. तो दिसत नाही आणि चालताना जीव काढतो. जेवणं झाली की पप्पा चष्मा लावून, तिचा पाय मांडीवर घेऊन सुईने ते केस काढत बसायचे आणि ती त्यांना वरून शिव्या घालायची. माझ्या आईवडिलांचं प्रेम मी एवढंच बघितलं, आणि ते खूप होतं.

वैशाखात, ऐन लग्नसराईत, एका मुलीच्या भुवया करता करता ती "छातीत कसंतरी व्हायलंय" म्हणाली आणि खुर्चीचा दांडा धरून खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं. मी रावेतहून पोचले तेव्हा तिच्या बोटांना काळा डाय लागलेला होता. तो मी खोबरेल तेलाने पुसला. नेहाचं लग्न तेव्हा आठवड्याच्या अंतरावर आलं होतं.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. भंतेजी येतात, त्रिशरण-पंचशील होतं, पुण्यानुमोदनाचा दिवस ठरतो, आणि माणूस आपल्या कामाला लागतो. माझी आजी गेली तेव्हा आईसुद्धा परभणीहून परत आल्या दिवशी कात्री धरून उभी होती. म्हणून पाहुणे पांगल्यावर मी दुकान उघडलं. मला आणखी एक गोष्ट ठरवायची होती. रावेत सोडून ही खुर्ची चालवायची की नाही? मनातून ठरलंच होतं. फक्त आईच्या नावाने येणाऱ्या बायका माझ्या हाताखाली बसतील का, ते बघायचं होतं.

पहिली आली ती नीलिमा, यवतमाळची, चाळीत तिघीचौघींबरोबर राहणारी.

"ताई, दुकान चालू करून राहिले का?" तिने दारातूनच विचारलं. "टोपी बसूनच नाही राहिली माही. पण राहू द्या, नंतर येतो."

"नंतर कशाला? बस."

ती बसली, आरशात तिला आईच्या जागी मी दिसले आणि ती रडायला लागली. मी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि पाणी मारलं. रडणाऱ्या माणसाचे केस कापायला अवघड जातात, मान हलते. मी तिला म्हटलं, "दोन मिनिटं रडून घे, मग हलू नको." ती हसली. पप्पा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. कटिंग झाल्यावर ते न सांगता आत आले आणि खालचे केस झाडून घेऊन गेले.

तेवढ्यात हौसाआजी रस्त्याने चालल्या होत्या. उघडं दुकान बघून थबकल्या.

"अगं बया, उघाडलं व्हय?"

"हो आजी. बसा ना."

त्या पायरीवर बसल्या नाहीत. काठी टेकत निघून गेल्या. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

संध्याकाळी मंजुषाकाकू आल्या. त्या रस्त्याच्या कडेलाच उभ्या राहिल्या, पायरीही चढल्या नाहीत. गेली अठरा-वीस वर्षं त्या आत येऊन, पंखा आपल्याकडे वळवून बसायच्या.

"मैत्री, आत येत नाही गं. घरात लग्न आहे."

"माहीत आहे ना काकू. रविवारी मी दुपारीच येते. आईने पिना, गजऱ्याची जाळी, सगळं आणून ठेवलंय."

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "तेच सांगायला आले. तुला सुतक आहे. लग्न तेराव्याच्या आत येतंय. मी रावेतला एक पार्लर बघितलंय. त्यांची मुलगी येईल."

"आमच्यात सुतक नसतं, काकू."

"तुमच्यात नसेल. आमच्यात असतं ना."

"मेली माझी आई आणि सुतक तुमच्यात?"

"तू शिकलेली आहेस, तू बोलशील बाई. सासूबाईंना कोण समजावणार? उद्या काही कमीजास्त झालं तर सगळं माझ्या डोक्यावर." त्यांचे डोळे भरले. "केसबाई असत्या तर हा प्रश्नच आला नसता."

हे मात्र खरं होतं. त्या गेल्या आणि मी आरसा पुसायला घेतला. पुसलेलाच आरसा परत परत पुसत होते. राग आला होता, आणि राग नेमका कशाचा तेही ठरवता येत नव्हतं. सुतक पाळणाऱ्या घरात सुतक पाळलं तर त्यात माझा अपमान कुठे? पण डोक्यात ती जुनी बादलीभर पाण्याची अंघोळ येत होती. नेहाच्या मागून गाव आलं होतं, तसंच नेहाच्या मागून ते जाणार, एवढं मला दिसत होतं. तिच्या लग्नात रावेतची बाई आली की बाकीच्याही विचार करणार, आणि ही खुर्ची बंद पडणार. शिवाय आईने दिलेला शब्द होता. मेलेल्या माणसाला शब्द मोडता येत नाही, तो जिवंत माणसालाच मोडावा लागतो.

पप्पांना सांगितलं. ते तांदूळ निवडत होते.

"सुतक म्हणल्या ना? मग सुतकच धर की. दुसरं काही म्हणल्या असत्या तर काय केलं असतं तू?"

"पण पप्पा, खरं कारण काय असेल?"

"त्यांला तरी ठाव हाय का?" पप्पा म्हणाले आणि एक खडा काढून बाहेर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मिनल मॅडम, माझ्या सलोनच्या मालकीण.

"मैत्री, सॉरी, तुला आत्ता फोन करायला नको होता. पण संडेला माझ्या दोन्ही मुली पुनावळ्याच्या लग्नात अडकल्यात आणि एक ब्राइडल हेअर उरलंय. दुसरं कोणी मिळत नाहीये. निघोजे लोकेशन आहे. तुझ्याच बाजूला असेल ना?"

"नवरीचं नाव काय, मॅडम?"

"नेहा. तिच्या मदरने बुक केलंय. मंजुषा म्हणून."

मला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते असं आलं की आवरेना. पप्पा गाळणी हातात घेऊन धावत आले, त्यांना वाटलं मला काहीतरी झालं.

"मॅडम, माझी आई गेलीय हे त्यांना चालणार नाही."

"त्यांचा काय संबंध? तू माझा स्टाफ आहेस. कुणाच्या घरी काय झालंय ते मी क्लायंटला सांगत बसू का?"

बाई चुकीचं बोलत नव्हती. काळा एप्रन घातला की मी सलोनची मुलगी. त्या मुलीला आई नाही, गाव नाही, आणि सुतक तर नाहीच. मी 'कळवते' म्हणाले आणि फोन ठेवला. आईच्या शब्दाला दार उघडलं होतं, पण ते मागचं दार होतं. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"जायचं तर जा," ते म्हणाले. "पण फडक्याआड तोंड लपवून नको. दारात उभी राहा, काय ते सांग, मग आत पाय टाक. नाही म्हणल्या तर चहा बी न पिता परत ये."

"आधी फोन करून सांगू का?"

"फोनवर माणूस लवकर नाही म्हणतं. तोंडावर त्याला जड जातं."

मी मॅडमना हो म्हणून कळवलं.

रविवारी उन्हाने डांबर मऊ झालं होतं. चपला चिकटत होत्या. एप्रन मी पिशवीत घडी करून ठेवला आणि अंगात रोजचा सुती ड्रेस घातला. उद्धवरावांच्या अंगणात मांडव होता, पंख्यांचे खांब, पाण्याचे जार, पाहुण्या बायकांचा कलकलाट. मुहूर्त संध्याकाळचा, चाकण रस्त्यावरच्या लॉन्सवर. मेकअपवाली चिंचवडहून आधीच येऊन बसली होती आणि "केस झाल्याशिवाय मी काही करू शकत नाही" असं दर पाच मिनिटांनी सगळ्यांना ऐकवत होती.

मंजुषाकाकू दारात आल्या. रावेतच्या मुलीची वाट बघत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तू गं कशी?"

"रावेतच्या मॅडमनी मलाच पाठवलंय, काकू. तुम्ही बुक केलंत तिथेच मी कामाला आहे. तुम्हाला चालत नसेल तर मी इथूनच परत जाते. म्हणून उंबऱ्याबाहेर उभी आहे."

त्यांनी कपाळावर हात मारला. "एवढ्या मोठ्या रावेतात तुला तेच पार्लर सापडलं?"

"मला आधी सापडलं होतं. तुम्हाला नंतर."

एक पाहुणी बाई फिसकन हसली. आतून, पलंगावरून हौसाआजींचा आवाज आला.

"कोन हाय गं?"

"केसबाईंची मैत्री."

"तिला सुतक न्हाई व्हय?"

बायका दाराकडे वळल्या. मी म्हटलं, "आमच्यात पाळत नाहीत, आजी."

आजी काठी टेकत दारापर्यंत आल्या. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रागाने काहीतरी बोलतील म्हणून मी मन घट्ट करून ठेवलं होतं.

"आईचं बी न्हाई?" त्या म्हणाल्या. "चुलत्या-मालत्याचं न पाळंल मानूस. आईचं बी सुतक न्हाई? एवढी जीव लावनारी बाई. तिच्यासाठी चार दीस घरात बसावं वाटलं न्हाई व्हय गं तुला?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढे दिवस मी समजत होते की म्हातारी माझा विटाळ धरते. म्हातारी समजत होती की मला आईचं काहीच नाही. मग जे होतं ते बोलले.

"दुःख आहे, आजी. खूप आहे. सुतक नाही."

"ते कसं काय?" आजी म्हणाल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

तेवढ्यात मागून नेहा आली. न्हालेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात हिरवा चुडा. ती आजीच्या शेजारी उभी राहिली.

"मला आहे," ती म्हणाली.

"काय आहे?" मंजुषाकाकूंनी विचारलं.

"सुतक. तिला नसेल तर मला आहे. केसबाई गेल्यापासून मी केसांना फणी लावलेली नाही." आणि तिने टॉवेल सोडला. कुरळ्या केसांचा असा गुंता झाला होता की बघणाऱ्या बायकांच्या तोंडून आवाज निघाला. नुसते धुतले होते, वाळवले होते, वरून ओढणी घेतली होती, आणि लग्नाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "आता जिला सुतक आहे तिचं लग्न लावायचं का नाही ते ठरवा."

"थू थू थू!" हौसाआजी ओरडल्या. "जीभ झडली का तुझी? हळद लागल्याली पोरगी असलं बोलती व्हय?" त्यांनी नेहाच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग माझ्याकडे वळून जवळजवळ खेकसल्याच, "उभी काय ऱ्हायलीस? घे तिला आत आन् बसव. आनिक काय काय बोलंल ती!"

मी उंबरा ओलांडला.

आतल्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीत नेहाला बसवलं. गुंता टोकाकडून सोडवायचा असतो. बटीचं मूळ मुठीत घट्ट धरायचं, म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला बसत नाही. आई असंच करायची. माझ्या बोटांना नेहाच्या केसांची ओळख नव्हती, त्यामुळे सुरुवातीला हात अडखळले. घाम कोपरावरून खाली ठिबकत होता. मेकअपवाली दोनदा डोकावून गेली.

"दुखतंय का?"

"दुखू दे," नेहा म्हणाली. "मैत्रीताई, मागच्या आठवड्यात त्यांनी अंबाडा घालून बघितला होता. म्हणाल्या, जरा खाली घेऊ, सासरची माणसं डोक्यावर हात ठेवतील तेव्हा पिना टोचायला नकोत."

"मला नाही सांगितलं तिने."

"मला सांगितलं ना. म्हणून मी सांगतेय."

अंबाडा तिने सांगितला तिथेच घातला. मुंडावळ्यांना कपाळावर जागा ठेवली. पिना दातात धरून एकेक लावत गेले, त्यावर जाळी, त्यावर मोगरा. मग राहिलं शेवटचं काम. नवरीला दिवसभर शंभर जणांपुढे वाकायचं असतं, म्हणून आई केस झाले की प्रत्येक नवरीला एकदा वाकवून बघायची. त्या वेळी ती नवरीचं तोंड भिंतीकडे करायची आणि स्वतः बाजूला सरकायची. गावातली नवरी चुकून आपल्यापुढे वाकली आणि कुणी बघितलं तर नको ती चर्चा, म्हणून. कुठल्या मुलीच्या हे लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

"उठ," मी म्हटलं. "वाकून बघ."

मी तिला भिंतीकडे वळवायला हात पुढे केला, तोवर नेहा माझ्याकडे तोंड करून वाकलीसुद्धा. पूर्ण वाकली, माझ्या पावलांपर्यंत. मी सरकले नाही. मला सरकावंसं वाटलं नाही. दारात हौसाआजी उभ्या होत्या, त्यांनी सगळं बघितलं.

"पड, पड," आजी म्हणाल्या. "आजच्या दिवशी समद्यांच्याच पाया पडायचं असतंय. त्यात काय निवडीत बसायचं." आणि त्या वळून गेल्या.

नेहा सरळ झाली. एकही पीन हलली नव्हती. मेकअपवाली तिला ओढतच घेऊन गेली.

मी फण्या गोळा करत होते. मंजुषाकाकू आत आल्या, त्यांनी दार लोटलं आणि काही न बोलता त्या खुर्चीत माझ्याकडे पाठ करून बसल्या. अंगावर भारीतली पैठणी आणि केस मात्र पहाटे बांधलेले, सुटलेले. भांगात मुळाशी पांढरी रेघ दिसत होती. त्यांना शेवटचा डाय आईनेच लावला होता.

"माझेही घे वर," त्या म्हणाल्या. "सकाळपासून आरसा बघितला नाही."

मी केस सोडले, विंचरले, पिना दातात धरल्या आणि मागून गोळा करायला लागले. बाहेर कुणीतरी गाड्या काढा, गाड्या काढा म्हणून ओरडत होतं.

"गप का आहेस?" काकूंनी विचारलं. "रागावलीस माझ्यावर?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार.

"तुझी आई केस करताना कधी गप्प बसायची नाही. भाजीचं, कोंबड्यांचं, कसलंही बोलायची. घरात माझ्याशी एवढं कुणी बोलत नाही गं." त्यांचा आवाज घोगरा झाला. "तूही बोल की काहीतरी. काहीही बोल."

आई गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. दवाखान्यात नाही, वंदनेच्या वेळी नाही, नीलिमा रडली तेव्हाही नाही. ते आता आलं. तोंडात पिना होत्या, त्यामुळे आवाज फुटला नाही, नुसते खांदे हलत होते आणि काकूंच्या केसांत धरलेला माझा हात हलत होता. काकूंना तो डोक्याला कळला असणार. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मान खाली घातली आणि तशीच ठेवली. मानेवरचे केस वर घ्यायला ती तशीच ठेवावी लागते.